रूमवरची कामं: पाळ्या लावाव्यात, की ज्याला जे जमतं ते त्याने करावं?

निफाडकर | १७ ऑगस्ट, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचकेमध्ये आम्ही चौघं जूनपासून राहतोय. मी आणि सटाण्याचा मित्र अंबड एमआयडीसीत कामाला, सध्या दोघांनाही जनरल शिफ्ट. चांदवडचा एमपीएससीचा अभ्यास करतो आणि धुळ्याचा एका सीएकडे आर्टिकलशिप करतो. सकाळचं सगळं ते दोघं बघतात, संध्याकाळचं आम्ही दोघं. सकाळवाल्यांचं बरं चाललंय. अडलंय ते आमचं.

फ्रिजवर पाळ्यांचा तक्ता लावलाय. आज स्वयंपाक माझा, तर भांडी त्याची. उद्या उलटं. केर-फरशीही एक दिवस मी, एक दिवस तो. दिसायला एकदम न्याय्य. पण ज्या दिवशी स्वयंपाक सटाणेकराचा, त्या दिवशी जेवायला साडेदहा वाजतात. चौघांच्या वीस पोळ्या, भाजी, वरण-भात करता करता त्याच्या कपाळावर घाम येतो, आणि आम्ही भुकेने चिडचिडे होऊन एकमेकांशी तुटक बोलायला लागतो. मित्र म्हणून तो लाखात एक आहे, म्हणूनच हे मनाला लागतं.

दोन आठवडे मी मोबाइलवर वेळ लावून बघितली, त्याला सांगूनच. सरासरी अशी आली. स्वयंपाक: मला ५० मिनिटं, त्याला १२०. भांडी आणि ओटा: मला २५, त्याला ३०. केर-फरशी: मला २०, त्याला २५.

म्हणजे तिन्ही कामांत मीच पुढे. आई बागेत कामाला जायची, त्यामुळे सातवीपासून पोळ्या माझ्याकडेच होत्या. हा तक्ता बघून सटाणेकर म्हणाला, "तुला सगळंच पटापट येतं, तर तूच सगळं कर, मी भाड्यात पाचशे रुपये जास्त देतो." तो मनापासूनच म्हणाला. पण मला पैसे नकोत, वेळ हवाय. रात्री नऊला माझा सीएनसी प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन क्लास असतो आणि पाळीच्या गोंधळात तो आठवड्यातून दोनदा तरी बुडतो.

तुमच्या रूमवर काय करता? आणि जो सगळ्यातच चपळ असतो, त्याने काय करावं?

सिडको_जुना | १७ ऑगस्ट, रात्री ११:३२

भांड्यांना मावशी लावा. चौघांत वाटले तर फार पैसे पडत नाहीत.

निफाडकर | १७ ऑगस्ट, रात्री ११:४०

विचारलं होतं दादा. आमच्या इमारतीतल्या मावशी सकाळी येऊन जातात, रात्रीच्या भांड्यांना कोणी येत नाही. आणि रात्रीची खरकटी भांडी सकाळपर्यंत ठेवली की झुरळं होतात.

अर्थ_शिकवणारी | १८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

निफाडकर, तुम्ही वेळा मोजल्यात हे फार चांगलं केलंत. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते आणि तुमचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा दोनशे वर्षांपूर्वी डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८१७ साली हाताळलाय. त्याचं इंग्लंड-पोर्तुगालच्या व्यापाराचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच प्रकरणाच्या एका तळटीपेत त्याने दोन कारागीर घेतलेत. दोघेही बूट आणि टोप्या बनवतात. एक जण दोन्हींत सरस आहे, टोप्यांत पाचव्या हिश्श्याने आणि बुटांत तिसऱ्या हिश्श्याने. रिकार्डो म्हणतो, सरस माणसाने बूट करावेत, दुसऱ्याने टोप्या, त्यात दोघांचंही भलं आहे. हा तुलनात्मक लाभ. कोण चपळ आहे यापेक्षा कोण कशात *जास्त* चपळ आहे, याला इथे महत्त्व आहे.

आता तुमचे आकडे घेऊ. एक स्वयंपाक करायला तुम्हाला ५० मिनिटं लागतात. तेवढ्यात तुमची दोन वेळची भांडी झाली असती. म्हणजे तुमच्या हातच्या एका स्वयंपाकाची किंमत भांड्यांच्या दोन पाळ्या. सटाणेकरांचे स्वयंपाकात १२० मिनिटं जातात, तेवढ्यात त्यांची भांडी चार वेळा झाली असती. त्यांच्या स्वयंपाकाची किंमत चार पाळ्या. यालाच आम्ही संधी खर्च म्हणतो: एक काम करताना हातून सुटलेलं दुसरं काम. स्वयंपाक तुमच्याकडे स्वस्त, भांडी त्यांच्याकडे स्वस्त. मग त्यांच्या वाटचा एक स्वयंपाक तुम्ही केलात आणि बदल्यात त्यांनी तुमच्या भांड्यांच्या दोनपेक्षा जास्त आणि चारपेक्षा कमी पाळ्या उचलल्या, तर दोघांचाही वेळ वाचतो. समजा तीन ठरल्या. तुम्ही ५० मिनिटं देऊन ७५ वाचवता, ते ९० देऊन १२० वाचवतात.

थांबते. वर्गाची घंटा झाली. संध्याकाळी एक अडचण लिहीन, ती बहुतेक जण गाळतात.

निफाडकर | १८ ऑगस्ट, दुपारी १:२०

मॅडम, जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. एक गोष्ट मला आत्ताच खटकतेय. दोन दिवसांत माझी भांड्यांची पाळी एकच येते. तीन पाळ्या मी त्याला देऊ कुठून? नुसतं स्वयंपाक मी आणि भांडी तो, असं केलं तर दोन दिवसांत माझी भांडी-स्वयंपाकाची ७५ मिनिटं होती त्याची १०० होतील, आणि त्याची १५० ची ६०. घराचा वेळ वाचला, पण माझा वाढला की!

अर्थ_शिकवणारी | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

हीच ती अडचण, तुम्हीच शोधलीत. शाबास!

एकूण वाचलेला वेळ आणि तो कोणाच्या पदरात पडला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रिकार्डोच्या आकड्यांतही हेच दिसतं. इंग्लंडमध्ये ठरावीक कापडाला १०० माणसांचं वर्षाचं श्रम आणि ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९०, वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस, तरी त्याने वाइन करावी आणि इंग्लंडने कापड. एकास एक अदलाबदल झाली तर इंग्लंडचं २० जणांचं श्रम वाचतं आणि पोर्तुगालचं १० जणांचं. फायदा दोघांनाही, पण सारखा नाही. अदलाबदलीचा दर कुठे ठरेल, याचं नीट उत्तर पुढे जॉन स्टुअर्ट मिल या अर्थतज्ज्ञाने दिलं: एकाला दुसऱ्याच्या वस्तूची गरज किती, त्यावर ते ठरतं. (द्राक्षांच्या जिल्ह्यात वाइनचं उदाहरण शिकवायला मला दरवर्षी आनंद होतो, मुलं लगेच बोलती होतात.)

म्हणून तुमच्या देवघेवीत तिसरं काम घाला. केर-फरशीही त्यांच्याकडे द्या. आज तुमची दोन दिवसांची बेरीज ५० + २५ + २० = ९५, त्यांची १२० + ३० + २५ = १७५. नव्या वाटणीत तुमचे दोन स्वयंपाक १०० मिनिटं, त्यांची दोनदा भांडी आणि दोनदा फरशी ११० मिनिटं. त्यांची ६५ मिनिटं वाचतात, तुमची ५ वाढतात. त्या पाचांसाठी आठवड्याचं दळण आणि किराणा त्यांच्याकडे द्या. मग तुम्हीही फायद्यात याल. आणि नऊच्या क्लासला मोकळे व्हाल, ते वेगळंच.

"तूच सगळं कर" या म्हणण्याबद्दलही लिहिते. फक्त घड्याळाची मिनिटं कमी करायची असतील तर ते बरोबर आहे, कारण सर्वांत चपळ माणसानेच सगळं केलं की बेरीज सर्वांत लहान येते. पण तुमचं एक मिनिट त्यांच्या खिशात जाऊ शकत नाही. दिवस प्रत्येकाला आपापलाच मिळतो, म्हणून तर देवघेव करावी लागते.

इंदिरानगर_ताई | १८ ऑगस्ट, रात्री ९:१५

मॅडमचं गणित चूक नाही, पण मला त्याची भीती वाटते, ती सांगते.

लग्न झालं तेव्हा मी आणि माझे मिस्टर दोघंही नोकरी करायचो. मला स्वयंपाक येत होता, त्यांना येत नव्हता. "तुला पटकन होतं ना" या एका वाक्यावर ओटा माझ्याकडे आला. बिलं, बँक, गाडी त्यांच्याकडे. चौदा वर्षं झाली. माझा हात आणखी वेगवान झालाय आणि त्यांना अजून कणीक भिजवता येत नाही. आज कोणी घड्याळ लावलं तर आमच्यातला फरक पहिल्या वर्षापेक्षा कितीतरी मोठा निघेल आणि गणित पुन्हा हेच सांगेल की ताई, तुम्हीच करा.

हे माझ्या एकटीच्या घरातलं नाही. केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आला होता, पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत २८९ आणि ८८. आणि हा हिशेब दिवसभरात काहीतरी घरकाम करणाऱ्यांचाच आहे. त्या दिवशी काहीच न करणारे पुरुष यात धरलेलेच नाहीत.

निफाडकर, तुम्ही मुलगे आहात, त्यामुळे तुमच्याकडे हे जन्माने ठरलेलं नाही. पण तुम्ही सातवीत शिकलात म्हणून तुम्हाला ५० मिनिटं लागतात. सटाणेकरांना कोणी शिकवलं नाही म्हणून १२०. ही १२० मिनिटं काही त्यांच्या रक्तात नाहीत.

अर्थ_शिकवणारी | १८ ऑगस्ट, रात्री १०:०५

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. वर्गात मी हे पुरेसं सांगत नाही, हेही मान्य करते. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने (नोबेल १९९२) कुटुंबातल्या श्रमविभागणीवर लिहिताना हेच दाखवलंय की सुरुवातीचा फरक लहान असला तरी ज्याने जे काम धरलं त्यातच त्याचा हात बसत जातो आणि फरक मोठा होतो. त्याने याकडे मुख्यतः कार्यक्षमता म्हणून बघितलं. पण जिच्या वाट्याला बिनपगारी काम येतं, तिच्या हातातलं कसब घराबाहेर विकलं जात नाही. उद्या तिला घर सोडावं लागलं तर चौदा वर्षांच्या वेगाला बाजारात भाव नसतो. बिलं-बँक-गाडी येणाऱ्याचं तसं होत नाही. पहिल्या दिवसाच्या मिनिटांत हे कुठेच दिसत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार | १९ ऑगस्ट, सकाळी ६:२०

आमच्या द्राक्षबागेतलं सांगतो, बघा उपयोग होतो का.

ऑक्टोबर छाटणीला दोन कामं लागोपाठ असतात. काडी बघून कितव्या डोळ्यावर (कोंबावर) कात्री लावायची ते ठरवून छाटणं, आणि छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावणं. छाटणी चुकली तर त्या काडीला घड नाही, वर्ष गेलं. पेस्टला मात्र हात जपणं आणि लक्ष ठेवणं एवढंच लागतं. माझे वडील दोन्हींत माझ्यापेक्षा चपळ होते. तरी मी शेतीत आलो तेव्हा ते छाटायचे आणि मी मागून पेस्ट लावायचो. मॅडमचंच गणित, आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

पण वडिलांनी एक केलं. दर छाटणीला दोन ओळी माझ्यासाठी सोडायचे. "या तुझ्या. चुकल्या तर चुकल्या." माझ्या ओळींना त्यांच्यापेक्षा निम्माच वेग यायचा आणि पहिल्या वर्षी घडही कमी लागले. ते नुकसान त्यांनी मुद्दाम सोसलं. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्या बरोबरीने छाटू लागलो. चौथ्या वर्षी ऐन छाटणीत त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि बाग माझ्या हाताने छाटली गेली.

तुमच्या रूमवरही दोन ओळी सोडा.

इंदिरानगर_ताई | १९ ऑगस्ट, सकाळी ८:४०

दादा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे त्या दोन ओळी कोणी सोडल्या नाहीत आणि मीही मागितल्या नाहीत.

सातपूर_नाईट | १९ ऑगस्ट, दुपारी ३:००

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. सगळी मिनिटं सारखी नसतात. मी सातपूरला नाईट करतो. सकाळी साडेसातला रूमवर येतो तेव्हा भांड्यांची २० मिनिटंही जड जातात, तीच दुपारी चार वाजता काहीच वाटत नाहीत. आमच्यात आधी "सकाळची भांडी नाईटवाल्याची" असं होतं, कारण त्या वेळी रूमवर मीच असायचो. महिनाभर रोज कटकट. मग केर-फरशी, पाण्याचे जार आणि कपडे वाळत घालणं-काढणं ही दुपारची कामं मी घेतली. मिनिटं उलट वाढली, पण कटकट बंद झाली.

काम आवडण्याचंही असतं. मला कपड्यांच्या घड्या घालायला आवडतात. रेडिओ लावून अर्धा तास कसा जातो कळत नाही.

कॉलेजरोड_३०२ | १९ ऑगस्ट, रात्री ८:३०

आम्ही पाच मुली, तिघी नर्सिंगच्या. आमच्याकडे वर्षभर चाललेली पद्धत सांगते.

महिन्याच्या एक तारखेला सगळ्या कामांची यादी करतो. प्रत्येक कामाला सगळ्या जणी चिठ्ठीवर गुण लिहितात, म्हणजे हे काम महिनाभर घ्यायचं तर किती गुण हवेत. सर्वांत कमी गुण मागणारीला ते काम मिळतं आणि तेवढे गुण तिच्या खात्यात जातात. महिन्याला प्रत्येकीचे साधारण सारखे गुण व्हायला हवेत. कमी पडले की आणखी एक काम घ्यायचं. यात घड्याळ लागत नाही, कारण वेळ, आवड, कंटाळा, ड्यूटी सगळं त्या एका आकड्यात येतं. संडास-बाथरूम घासायला एकीने खूपच कमी गुण मागितले होते, आम्हाला आश्चर्य वाटलं. तिचं म्हणणं, दहा मिनिटांत होतं आणि कोणी मध्ये बोलायला येत नाही.

पण पहिल्या यादीत आमचं एक मोठं काम राहिलं होतं: लक्षात ठेवणं. गॅस संपत आला की नंबर लावणं, लाइट बिलाची तारीख, तेल-साखर संपण्याआधी सांगणं, घरमालकांना नळ गळतोय म्हणून फोन करणं. ही सगळी एकटीच्या डोक्यात होती आणि ती सारखी चिडलेली असायची. तिला विचारलं तर म्हणायची, "मी करते काय एवढं?" तिलाच ते काम वाटत नव्हतं. परीक्षेच्या काळात ती आठ दिवस गावी गेली, तेव्हा गॅस संपला आणि आम्हाला कळलं. आता "लक्षात ठेवणं" हे यादीत वेगळं काम आहे आणि त्याला सर्वांत जास्त गुण आहेत.

पंचवटी_रूम७ | १९ ऑगस्ट, रात्री ९:१०

मुद्दाम वाईट करणाऱ्याचं काय करायचं? आमच्याकडे एक जण भांड्यांना साबण तसाच ठेवतो. त्याच्याकडून काम काढून घेतलं की त्याचं फावतं.

कॉलेजरोड_३०२ | १९ ऑगस्ट, रात्री ९:२५

काम काढून घेऊ नका. ज्या भांड्याला साबण राहिला ते त्याच्याच ताटाला लावा, आणि सरळ सांगा की हे काम तुझंच राहणार आहे. आमच्याकडे बोलूनच मिटलं. त्या मुलीला भांडी घासून हाताला पुरळ यायचं आणि सांगायची लाज वाटत होती. मुद्दाम करतेय असं धरून आम्ही दोन महिने तिच्याशी नीट बोललो नव्हतो, त्याचं अजून वाईट वाटतं.

पंचवटी_रूम७ | १९ ऑगस्ट, रात्री ९:४०

हं. विचारलं नाही आम्ही कधी. विचारतो.

निफाडकर | २१ ऑगस्ट, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघांनी हा धागा शेजारी बसून वाचला. सटाणेकर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की त्याच्या घरी चार बहिणी, त्याने ओट्याजवळ उभं राहिलेलं आईला चालायचं नाही. त्याला शिकायचंय, पण चौघांची भूक अंगावर घेऊन शिकता येत नाही. हे त्याने याआधी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

ठरलं ते असं. सोमवार ते शनिवार संध्याकाळचा स्वयंपाक माझा. भांडी, ओटा, केर-फरशी, दळण आणि किराणा त्याचा. गॅसचा नंबर आणि लाइट बिल चांदवडकराने मागून घेतलं. रविवारी स्वयंपाक त्याचा, भांडी माझी. त्या त्याच्या दोन ओळी. रविवारी घाई नाही, जेवायला अकरा वाजले तरी कोणी बोलायचं नाही. मी ओट्याजवळ जायचं नाही, त्याने हाक मारली तरच. पाचशे रुपयांचा विषय बंद.

अर्थ_शिकवणारी | २२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

उत्तम. रविवारची वेळ मात्र लिहून ठेवा. ते शिकत जातील तसा तुमचा दर बदलेल. आज त्यांचा स्वयंपाक भांड्यांच्या चार पाळ्यांएवढा आहे. तो ९० मिनिटांवर आला तर तीन पाळ्या. आणि ६० वर आला की दोन, म्हणजे अगदी तुमच्याइतकाच. तेव्हा ते तुमच्यापेक्षा दहा मिनिटं हळूच असतील, पण स्वयंपाक एकाकडे आणि भांडी दुसऱ्याकडे ठेवण्यात दोघांनाही फायदा उरणार नाही आणि पाळ्या लावल्या तरी चालतील.

निफाडकर | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. सहा रविवार झाले. सटाणेकराच्या वेळा: ११५, ११०, ११०, ९५, ८५, ८५. पोळ्या अजून सावकाश होतात, पण भाजीला तो आता माझ्यापेक्षा चांगली फोडणी देतो, धुळेकराने तसं तोंडावर सांगितलं. चौथ्या रविवारी एकदम पंधरा मिनिटं कमी झाली, कारण कणीक आधी भिजवून मग भाजी चिरायची हे त्याचं त्यालाच सुचलं. मी सांगितलं असतं तर पहिल्याच रविवारी सांगितलं असतं, पण गप्प राहिलो.

सप्टेंबरमध्ये माझा एकही क्लास बुडला नाही. त्याचं म्हणणं, फरशी रोज एकाच माणसाने पुसल्यामुळे कुठे कचरा साठतो ते कळायला लागलंय.

एक बिनसलं. गणपतीत तो आठ दिवस गावी गेला आणि भांडी-फरशी सगळी माझ्याकडे आली. पाळ्या असत्या तर सकाळवाले दोघं मदतीला आले असते. आता "ते त्याचं काम" म्हणून कोणी हात लावला नाही. यावर बोलणं झालंय. कोणी गावाला गेलं तर त्याची कामं तिघांत वाटायची, परत आल्यावर हिशेब.

दिवाळीनंतर मला सेकंड शिफ्ट लागणार आहे. म्हणजे रात्री बाराला रूमवर. संध्याकाळचा स्वयंपाक मला शक्यच नाही. सटाणेकराला परवा सांगितलं तर म्हणाला, "मग तू सकाळचा घे, संध्याकाळचा मी बघतो. दोन रविवार अजून दे." आता चांदवडकर आणि धुळेकराच्याही वेळा मोजायच्या आहेत, या रविवारी चौघांचा तक्ता नव्याने मांडू. कॉलेजरोड_३०२, तुमची चिठ्ठ्यांची पद्धत वापरून बघतोय. गुण एकूण किती धरायचे, शंभर की कितीही?

कॉलेजरोड_३०२ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३८

कितीही नको, भांडणं होतात. प्रत्येकाला शंभर गुण द्या, ते सगळ्या कामांवर वाटायला सांगा. नकोशा कामावर जास्त, चालणाऱ्या कामावर कमी. आणि "लक्षात ठेवणं" यादीत विसरू नका.